बंद पार्कातली आक्का

आक्का, काल मी परत पार्कातल्या त्या सगळ्या मोठ्या कपांत हात घालून पाहिला. कोरडे आहेत. पाऊस जाऊन किती दिवस झाले, आता त्यात पाणी कुठून येणार, हे मलाही कळतं. तरी पतसंस्थेतलं काम संपलं की गाडी सिडकोतल्या घराकडे वळायच्या ऐवजी जालना रोडला लागते. चिकलठाणा मागं पडतं, शेंद्र्याच्या कंपन्या मागं पडतात, करमाड यायच्या आधी आपल्या शेताच्या कडेचं ते गंजलेलं गेट दिसतं आणि मी ब्रेक दाबतो. सुनंदा विचारते, "रोज रोज तिथं जाऊन काय करता?" मी म्हणतो, पाणी साचलंय का बघून येतो. ती गप्प बसते. तुझी भावजय गप्प बसली म्हणजे तिला पटलेलं नसतं, हे तूच मला कधीतरी हसत हसत सांगितलं होतंस.

बसवत नाही, आक्का. खरं कारण एवढंच. जेवायला बसलो की मध्येच उठतो, टीव्ही लावतो, बंद करतो, गॅलरीत जातो, परत आत येतो. तुझा तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, दिवाळी आली तशी गेली. सगळे म्हणतात, वेळ जाऊ दे. वेळ जातोच आहे. पण तुझं-माझं भांडण अर्ध्यात तुटलं. असं अर्धं भांडण घेऊन माणसानं बसायचं कुठं?

मी माफी मागायला हे लिहीत नाही, ते आधीच सांगतो. ते पार्क पाडून टाकायला पाहिजे, हे माझं म्हणणं होतं आणि अजूनही आहे.

आण्णा गेल्यावर रस्त्याकडेचं ते शेत आपल्या दोघांच्या नावावर झालं. तिथं तूर व्हायची, बाजरी व्हायची, पाऊस नसला तर काहीच व्हायचं नाही. मग तो बाहेरगावचा पार्कवाला आला, शेत भाड्यानं मागितलं, आणि आपण दोघांनी एकाच दिवशी सह्या केल्या. त्या वेळी आपलं भांडण नव्हतं. तू सासर कायमचं सोडून आली होतीस. का आलीस ते तू सांगितलं नाहीस आणि घरात कोणी विचारलंही नाही. तुझ्या ताटात भाकरी पडायची, अंगावर लुगडं होतं, तेवढ्यावर सगळ्यांनी समाधान मानलं होतं.

बघता बघता शेतात लाटा उठणारा हौद झाला, निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या उभ्या राहिल्या, आकाशपाळणा आला, पोरांची झुकझुक गाडी आली आणि गोल गोल फिरणारे ते कप आले, चहाच्या कपासारखे पण एकेकात चार माणसं मावतील एवढे. गावातली पोरं भरती व्हायला लागली तशी एक दिवस तूही मॅनेजरपुढं जाऊन उभी राहिलीस. मी सोबत होतो. लाजेनं माझीच मान खाली गेली होती.

"मावशी, तुम्ही काय काम करणार?" तो म्हणाला.

"मी दारावर उभी ऱ्हाईन."

"गेटवर वॉचमन आहे आमचा."

"त्या दारावर नाय. बायका कापडं बदलत्यात त्या दारावर. तिथं गडी माणूस कसा उभा करशान?"

मॅनेजरनं वहीत तुझं नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुला लुगड्यावरून घालायचा निळा कोट मिळाला, गळ्यात शिट्टी आली आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला. तू महिनाभर तो कोट घरी आल्यावरही काढत नव्हतीस. सुनंदा म्हणायची, आक्का आता झोपताना तरी काढा. तू म्हणायचीस, "राहू दे गं, थंडी वाजती." दिवस उन्हाळ्याचे होते.

एका रविवारी मी सुनंदाला आणि पोरीला घेऊन आलो होतो. तू आम्हाला फुकट आत सोडलंस, पण रांग मोडू दिली नाहीस. आम्ही पाण्यात होतो तेवढ्यात तुझी शिट्टी वाजली. अशी वाजली की लाटांचा आवाज, गाणी, पोरांचा गलका सगळं थांबल्यासारखं झालं. घसरगुंडीच्या खांबामागं एक माणूस उभा होता आणि त्याचा मोबाइल कपडे बदलायच्या खोलीच्या झरोक्याकडे होता. तू त्याच्यापुढं हात पसरून उभी होतीस. "मोबाइल दे." तो तुला हटवायला बघत होता. तू हलत नव्हतीस. मॅनेजर पळत आला, हळू आवाजात म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक आहे, जाऊ द्या." तू हळू बोलली नाहीस. "गिऱ्हाईक हाय तर काय झालं? आतल्या बायका काय गिऱ्हाईक न्हाईत?" त्यानं सगळ्यांसमोर फोटो काढून टाकले, गेटबाहेर गेला, तेव्हा कुठं तू जाग्यावर परत आलीस. आतून बायका एक एक बाहेर आल्या. एकीनं तुझ्या पायाला हात लावला. तू तिला रागावलीस, "कापडं नीट घाल आधी."

त्या संध्याकाळी सुनंदा आणि पोर बसनं गेल्या, आणि तू माझ्या स्कूटरवर मागं बसून आलीस, तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. शेंद्र्याच्या चौकात गर्दी होती. तू मागून म्हणालीस, "सासरी न्हाणीला दार नव्हतं, बापू. गोणपाटाचा पडदा होता. वारं सुटलं की एका हातानं धरून बसायचं. दीर ओसरीवरच बसलेला असायचा." मी काहीतरी बोललो असेन, ट्रक पुढं होता. तू पुन्हा तो विषय काढला नाहीस. एवढ्या वर्षांत सासरबद्दल तू बोललेली तेवढी तीनचार वाक्यं आहेत माझ्याजवळ.

मग रोगाची साथ आली आणि पार्क बंद झालं. बाकी सगळं पुन्हा उघडलं, ते उघडलं नाही. मालक कर्जात बुडाला का कंटाळला, कोणाला नीट माहीत नाही. बरीच वर्षं फोनाफोनी झाल्यावर त्यानं कळवलं, भाडं देणं होणार नाही, आहे ते सामान तुम्हीच ठेवा. कामावरची पोरं कंपन्यांत लागली. वीज तोडून नेली. गेटवरच्या हसऱ्या हत्तीचा रंग उडाला, सोंड गळून पडली. हौदाच्या फरशीतून बाभळी उगवल्या. आकाशपाळण्याच्या पाळण्यांत मैनांनी घरटी केली. झुकझुक गाडीच्या इंजिनात कुत्री व्याली. शहरातली लग्नाळू पोरं-पोरी फोटो काढायला यायची, घसरगुंडीखाली उभी राहायची, गंज कपड्यांना लागला की ओरडायची.

आणि तू तिथंच राहिलीस. गावातलं घर सोडून गेटजवळच्या तिकिटाच्या खोलीत बिऱ्हाड मांडलंस. चूल बाहेर, पलंग आत, जिथून तिकिटं द्यायचे त्या खिडकीत तुळशीची कुंडी. मी दर पंधरवड्याला यायचो आणि दर वेळी तेच बोलायचो.

"आक्का, शहरात चल. पोरीची खोली रिकामी आहे, ती पुण्याला आहे."

"माला इथं काम हाय."

"काय काम? झाडलोट? बंद पार्क झाडतं का कोणी?"

"हाय काम."

"लोक हसतात."

"हसू दे. त्यांचंही बरंय, माझंही बरंय."

गेल्या उन्हाळ्यात मी गोदामवाल्याला घेऊन आलो. शेंद्र्याच्या कंपन्यांचा माल ठेवायला त्याला रस्त्याकडेची जागा हवी होती. सगळं भंगार आपण काढून द्यायचं आणि जमीन सपाट करून द्यायची, मग त्याचं भाडं सुरू. तू त्याला चहा दिलास. तो कप हातात घेऊन इकडं-तिकडं बघत होता, कुठं फाटक, कुठं शेड, असं बोटानं दाखवत होता. त्यानं मागच्या त्या बैठ्या खोल्यांकडे बोट केलं, बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्यांकडे. म्हणाला, "हे तर आधी पाडावं लागेल, ट्रक वळवायच्या जागेत येतंय." तू त्याच्या हातातला अर्धा भरलेला कप काढून घेतलास. "झाला का चा? मग निघा आता."

तो गेल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. तूही ओरडलीस. मी म्हणालो, तू गंजाच्या प्रेमात पडलीस, एक निळा कोट काय मिळाला, तुला वाटतं पार्क तुझंच आहे. तू म्हणालीस, "व्हय, मपलंच हाय. निम्मं तर कागदावर बी हाय." मी म्हणालो, कोर्टात गेलो तर काय करशील. तू म्हणालीस, "जाय. पायी जा, म्हंजे डोकं थंड व्हईल." आणि मग दोघंही हसलो. तुझ्यासोबत भांडण नीट पूर्णच होऊ शकत नाही, हा माझा जुना तक्रारीचा मुद्दा आहे.

पण पाण्याचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पाऊस लागला तसे ते कप भरले. हौदाच्या कोपऱ्यात पाणी साचलं, पडलेल्या पाळण्यांत साचलं. मी म्हणालो, "आक्का, ह्या पाण्यानं कोणीतरी मरेल. डासांचं घर करून ठेवलंस तू." तू म्हणालीस, "मी उपसते की दर आठ दिवसांनी." हौदाच्या डबक्यात तू दवाखान्यातून मागून आणलेले गप्पी मासेही सोडले होतेस, ते मला कौतुकानं दाखवलेस. एकेका कपात चढून वाटीनं पाणी काढताना मी तुला पाहिलंही होतं. या वयात, त्या गुडघ्यांनी.

भादव्यात तुला ताप आला. आधी अंगावर काढलास. मी आलो तेव्हा तू पलंगावर उठून बसली होतीस आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. गाडीत घालून शहरात आणलं. डेंग्यू. पेशी खाली खाली जात होत्या. मी डॉक्टरला विचारलं, "बंद पार्कात राहते, तिथं पाणी साचतं. तिथलाच डास असेल ना?" तो तरुण होता, थकलेला होता. म्हणाला, "काका, डास कुठला होता हे कसं सांगायचं? कुठलाही असू शकतो. आत्ता पेशंटकडे बघू." मला मात्र ते कळायलाच हवं होतं. अजूनही हवंय. तिथलाच असेल तर मी बरोबर होतो. आणि मी बरोबर असल्याचा असा काय उपयोग आहे, आक्का, की मी ते धरून रोज चाळीस किलोमीटर गाडी पळवतो?

शेवटच्या दिवशी तू शुद्धीवर होतीस. मी म्हणालो, बरी झालीस की घरी. तू म्हणालीस, "खोलीची किल्ली मंगलला दे." मी विचारलं, कोण मंगल? तू डोळे मिटलेस. मला वाटलं, तापात बरळतेय. आपल्या अख्ख्या नात्यागोत्यात मंगल नावाचं कोणी नाही.

तुझी राख सावडून झाल्यावर मी एकटाच पार्कात गेलो, गेटला कुलूप लावायला. संध्याकाळ व्हायची होती. गेटसमोर रस्त्याच्या कडेला बायका बसलेल्या होत्या. पाचसात असतील. प्रत्येकीपुढं बादली, बादलीत कपडे, साबण. मला वाटलं कुठल्या कामाला चालल्यात, गाडीची वाट बघतायत. मी खिशातून कुलूप काढलं तशी एक उठून पुढं आली. सडसडीत, तिशीतली, कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात.

"भाऊ, आक्का कवा येणार दवाखान्यातून?"

मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. ती तिथंच खाली बसली. मागच्या बायकांना तिनं काही सांगितलं नाही, पण त्यांनी तिच्या पाठीवरून ओळखलं. कोणी मोठ्यानं रडलं नाही. एकीनं बादली बाजूला सरकवली, उगीचच, आणि परत जाग्यावर आणली.

मी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी मंगल. पिशोरची. इकडं कंपनीत पॅकिंगला हाय मी, नवरा सेंट्रिंगवर. ते तिकडं पत्र्याच्या खोल्या दिसत्यात ना, तिथं राहतो आम्ही सगळ्या." तिनं रस्त्यापलीकडे बोट केलं. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "तिथं न्हाणी नाय, भाऊ. अंघोळ उघड्यावर करावी लागायची. आक्का रोज संध्याकाळी ही खोली उघडायच्या आमच्यासाठी. सकाळच्या पाळीच्या बायका पहाटंला यायच्या."

"केव्हापासून?"

"मी आले त्याच्या आधीपासून चालू हाय."

मी आत गेलो. मागच्या बैठ्या खोल्यांकडे मी पार्क बंद झाल्यापासून कधी गेलोच नव्हतो. तू जाऊच द्यायची नाहीस, म्हणायचीस तिकडं साप आहेत. बाहेरून चुना मारलेला होता. तुझ्या जुडग्यातली किल्ली फिरवली. आक्का, बाहेर सगळं गंजून, फुटून, झाडोऱ्यात बुडून गेलं होतं आणि आत फरशी इतकी स्वच्छ होती की मी चपला काढल्या. प्रत्येक खोलीला कडी. जुन्या कड्या नव्हत्या, नव्या होत्या, स्क्रू चमकत होते. खुंट्या होत्या. कपडे धुवायला दगड बसवलेला होता. फळीवर साबणाचे तुकडे, दोऱ्याला अडकवलेला कंगवा, कोपऱ्यातून तडकलेला आरसा. झरोक्यांना तू आतून पत्रे ठोकले होतेस. बोअरची मोटार चालवायला शेजारच्या शेतातून वायर ओढून आणलेली होती.

मी बाहेर आलो आणि त्या बाईवर चिडलो. तुझ्यावर चिडायचं होतं, तू नव्हतीस. म्हणालो, "मला का सांगितलं नाही तिनं? मी तिचा भाऊ आहे."

मंगल जराशी चाचरली. "त्या म्हणायच्या, मपला भाऊ चांगला हाय, पण कायदा लई बोलतो. त्याला कळलं तर तो म्हणीन, परवानगी काढा, पाइप तपासा, उद्या कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची."

मी खरोखरच तेच म्हणालो असतो. आत्ताही माझ्या मनात तेच आलं होतं.

तिनं मग तुझं बरंच काही सांगितलं. तू कशी शिट्टी घेऊन दारात बसायचीस, एकीनं जास्त वेळ लावला की वाजवायचीस. कोण कुठल्या जातीची, कुठल्या गावची, बिहारची का बुलढाण्याची, तुला त्याचं काही नसायचं, पण फरशी न धुता गेली तर दुसऱ्या दिवशी तिला सगळ्यात शेवटी घ्यायचीस. एकीला दिवस गेले होते तर तिच्यासाठी चुलीवर पाणी तापवून ठेवायचीस. मी हे सगळं उभ्यानं ऐकलं. माझी बहीण, आणि मी तिच्याबद्दल परक्या बाईकडून ऐकत होतो. राग येत होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की माणूस इकडंतिकडं चालायला लागतो. मी गेटपासून हौदापर्यंत नुसताच जाऊन आलो.

परत आल्यावर मी तिला तेच विचारलं जे डॉक्टरला विचारलं होतं. "कपातलं पाणी ती दर आठवड्याला काढायची ना?"

मंगल म्हणाली, "काढायच्या. मधी एकदा गुडघा सुजला होता, तवा राहिलं. आम्ही म्हणलो आम्ही काढतो, तर म्हणाल्या, नगं, तुमी दिवसभर उभ्या असता, मी उद्या काढीन." मग म्हणाली, "पण भाऊ, ताप तर आमच्या खोल्यांत आधीपासून होता. आम्ही ड्रममधी पाणी भरून ठेवतो. माझ्या शेजारणीला झाला, तिच्या पोराला झाला. आक्का त्यांच्यासाठी पेज घेऊन यायच्या. तिकडंच बसायच्या तास तासभर."

म्हणजे तेही कळायचा मार्ग राहिला नाही. तो डास आपल्या कपातला होता का त्यांच्या ड्रममधला, तुझ्या हट्टामुळं गेलीस का तुझ्या पेजेमुळं, ह्याचा निवाडा कोण करणार? मी तरी करू शकत नाही. रोज गाडी चालवताना एकदा एका बाजूनं बोलतो, एकदा दुसऱ्या. शेंद्र्यापर्यंत तू दोषी असतेस. करमाड जवळ आलं की नसतेस.

किल्ली मी त्या दिवशी मंगलला दिली. दिली म्हणजे, हातात ठेवून परत मागितली, मग परत दिली. तिनं ती कमरेला खोचली आणि बायकांकडे वळून म्हणाली, "चला."

आता पुढचं ऐक, कारण ह्यावर तू नक्की भांडली असतीस. मी शहागंजहून भंगारवाला आणला. रफिकभाई नाव. पांढरी दाढी, डोक्यावर रुमाल, सोबत गॅसकटरवाली माणसं. सगळीकडे फिरला, आकाशपाळण्याच्या खांबावर हातोडी वाजवून पाहिली. "लोहा अच्छा है भाईसाब, अंदर से सडा नहीं. ये फायबर का माल मेरेकू नक्को, ये कप, ये हत्ती, इसका कोई कुछ नहीं देता." मी म्हणालो, कप तर आधी न्यायचे. तो म्हणाला, "आपको कप से क्या दुश्मनी है?" मी जवळच्या कपाच्या तळाशी हात फिरवून पाहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ठीक है, ले जाएंगे. पर आखिर में. पहले पाळणा."

पाळणा उतरवायला दोन दिवस लागले. कटरच्या ठिणग्या पडायच्या, तारा सुटताना करकरायच्या, आणि एकेक पाळणा दोरानं खाली यायचा. मैना वरती घिरट्या घालत ओरडत होत्या. कामावरून सुटलेल्या बायका बादल्या घेऊन आल्या आणि थोडा वेळ उभ्यानं बघत राहिल्या. एकीनं विचारलं, "आक्का बसल्या होत्या का कधी ह्याच्यात?" मला ते माहीत नव्हतं. मी मंगलकडे पाहिलं, तिलाही माहीत नव्हतं. पार्क चालू असताना कामवाल्यांना बसायची परवानगी नव्हती, आणि परवानगी नसलेलं तू कधी केलं असशील, असं मी पूर्वी म्हणालो नसतो. आता काही सांगता येत नाही. तुला विचारायचं राहून गेलं. असं बारीकसारीक पुष्कळ राहून गेलंय, आणि मोठ्या गोष्टींपेक्षा तेच जास्त टोचतं.

रफिकभाईनं त्या मागच्या खोल्यांकडे पाहिलं. "वो भी तोडना है? दरवाजे, ग्रिल, कुछ लोहा निकलेगा." मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "क्या है उधर?" मी म्हणालो, "लेडीज." त्यानं लगेच नजर वळवली आणि आपल्या माणसांना ओरडून सांगितलं की संध्याकाळी कोणी तिकडं फिरकायचं नाही. तुला हा माणूस आवडला असता.

गोदामवाल्याला मी सांगितलं, जागा मिळेल, पण मागचा तुकडा सोडून, आणि त्या तुकड्याला वेगळी वाट राहील. तो फार नाराज झाला. म्हणाला, ते तिथं राहिलं तर ट्रक वळणार कसे. मी म्हणालो, वळतील, नाहीतर दुसरी जागा बघा. तो अजून विचार करतोय. म्हणजे बघ, पार्क पडतंय, जसं मला हवं होतं. खोल्या राहतायत, जशा तुला हव्या होत्या. तू बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही. एवढी वर्षं सापाचं नाव सांगून मला लांब ठेवलंस, ते मला अजून पचलेलं नाही. तू सांगितलं असतंस तर मी आधी भांडलो असतो, कायदाही काढला असता, आणि मग वायर नीट ओढून दिली असती. एवढा विश्वास ठेवायला काय हरकत होती?

गेल्या रविवारी सुनंदा स्वतःहून गाडीत येऊन बसली. तिथं पोचल्यावर ती एकटी आत गेली, बराच वेळ आत होती. मी बाहेर पाठ करून उभा होतो. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता, कोणीतरी कोणाकडे पाण्याचा मग मागत होतं, कोणीतरी हसत होतं. सुनंदा बाहेर आली, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आरसा बदलायला हवा. पोरींना अर्धंच तोंड दिसतं त्यात." येताना शेंद्र्याच्या चौकात तिनं मला गाडी थांबवायला लावली आणि आरसा घेतला.

वायर मात्र शेजाऱ्याची आहे, आणि त्याच्या मुलानं परवा मोटार बंद केली. म्हणून काल सकाळी मी वीज ऑफिसात गेलो, आपल्या नावानं मीटर मागायला. खिडकीत एक गृहस्थ होते, चष्मा नाकावर, समोर अर्जांचा ढीग. माझा अर्ज त्यांनी वरून खाली वाचला.

"जागा कसली आहे? बंद पार्क दिसतंय."

"होतं. आता नाही."

"मग कनेक्शन कशाचं देऊ? घरगुती का व्यावसायिक?"

मला सांगता येईना. धंदा म्हणावा तर तू कोणाकडून काही घेत नव्हतीस. मागं रांग होती, कोणीतरी खाकरलं.

"काका, राहतं कोण तिथं?"

"बहीण," मी म्हणालो.

त्यांनी मान वर न करता घरगुतीवर खूण केली आणि पुढच्याला हाक मारली.